ब्यूरेटवरचे ७.१

सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागले की मोल (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) आणि मोलला ॲव्होगाड्रो अंकाने, म्हणजे एका मोलमधल्या कणांच्या संख्येने, गुणले की कण, ही साखळी शिकवणीवर्गांनी मुलांकडून इतकी घोटून घेतलेली असते की कण नेमके कशाचे, हे विचारायला कोणी थांबत नाही. वास्तविक २०१९ पासून लागू असलेल्या व्याख्येतही मोल सांगताना घटक कोणता, हे सांगणे बंधनकारक आहे.

त्या दिवशी प्रत्येक गटाने ऑक्झॅलिक ॲसिडचे ०.१ मोलर (लीटरमागे ०.१ मोल) द्रावण २५० मिलिलीटर बनवून, त्यातल्या १० मिलिलीटरचे ०.२ मोलर कॉस्टिक सोड्याशी अनुमापन करायचे होते, म्हणजे ॲसिड पुरते संपवायला किती सोडा लागतो ते मोजायचे होते. ॲसिडच्या एका रेणूला सोड्याचे दोन लागतात, म्हणून ब्यूरेटचे (सोडा थेंबथेंब सोडायच्या मोजनळीचे) वाचन १० मिलिलीटरच्या आसपास यावे. एका गटाला दरवेळी ७.१ मिळाले. शेजारच्या टेबलावरचे १०.० सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग, म्हणजे पुन्हापुन्हा सारखे आलेले वाचन) म्हणून उतरवून घेण्याची आपल्या प्रयोगशाळांतली रीत मला मनापासून सलते. त्या गटातल्या मुलीने ते न करता ७.१ च लिहिले आणि वही घेऊन ती माझ्याकडे आली. सोडा जुना असेल, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले, पण सकाळीच प्रमाणित केलेला तोच सोडा सर्वांना दिलेला होता.

पुन्हा वजन करा, असे सांगण्याऐवजी मी तिला वाचनापासून उलट जायला सांगितले. ७.१ मिलिलीटर सोडा म्हणजे १.४२ मिलिमोल, त्याच्या निम्मे, ०.७१ मिलिमोल ॲसिड १० मिलिलीटरमध्ये; म्हणजे पूर्ण द्रावणात ०.०१७७५ मोल. तिने २.२५ ग्रॅम तोलले होते. भागाकार सुमारे १२७ आला आणि तिने सूत्रावरून धरलेले रेणुवस्तुमान होते ९०.

“सदतीस जास्त येतात, सर. दोन पाणी?” तिने विचारले आणि लगेच शंका काढली, “पण खडे तर कोरडे आहेत.”

बाटलीवरच्या चिठ्ठीवर १२६ (९० आणि पाण्याच्या दोन रेणूंचे ३६) छापलेले होते; ते न वाचता तिने ते मोजून काढले होते. त्या २.२५ ग्रॅम कोरड्या खड्यांत ०.६४ ग्रॅम पाणी, म्हणजे २.१५ गुणिले १० चा २२ वा घात इतके पाण्याचे रेणू स्फटिकाच्या रचनेत बांधलेले होते. तिचे वडील एमआयडीसीत सूत रंगवण्याच्या कारखान्यात आहेत. “बाबा म्हणतात, खड्याचे ग्लॉबर सॉल्ट पावडरीच्या दुपटीहून जास्त घ्यावे लागते. ते यामुळेच का?” ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सोडियम सल्फेट; आम्ही त्याचेही गणित केले: दहा पाण्यांसह ३२२, कोरडे १४२, प्रमाण २.२७.

तिच्या जर्नलात ७.१ तसेच ठेवून मी पूर्ण गुण दिले. पुढच्या तुकडीला १२६ हा आकडा आधीच फळ्यावर लिहून द्यावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. विभागातल्या बहुतेकांना तो द्यावा, असेच वाटते.