धूळवाफ

मे महिना संपत आला की आप्पांचं जेवणातलं लक्ष उडतं. ताटावर बसल्या बसल्या ते दारातून आभाळाकडं बघतात, आजी त्यांच्याकडं बघते आणि भाकरी तशीच वाळते. आमचं गाव बेळगावजवळ, येळ्ळूरच्या बाजूला. वळीव एक-दोनदा पडून गेलेला असतो. ढेकळं फोडून, कुळव मारून रान पिठासारखं झालेलं असतं. पाय टाकला की धूळ बोटांच्या मधून वर येते. या धुळीत आम्ही भात पेरतो.

धूळवाफ म्हणतात तिला. भात म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढं चिखल आणि वाकून रोप लावणाऱ्या बायका येतात, त्यांना हे सांगून पटत नाही. माझ्या नवऱ्यालाही पटलं नव्हतं. तो कोल्हापूर शहरातला, त्याचा भाताशी संबंध ताटापुरता. "पाण्याशिवाय भात?" म्हणून तो हसला होता. हिशेब तसा सरळ आहे. जुलैत पाऊस लागला की बळ्ळारी नाला फुगतो आणि शिवारात पाणी तुंबतं. तोवर भातानं मूळ धरलेलं असलं तर ते तगतं. पावसाची वाट बघत बसलं तर मग कुरी, म्हणजे पेरायचं अवजार, चिखलात चालत नाही. म्हणून आधीच पेरायचं. नंतर पाऊस वेळेवर आला तर ठीक. नुसता शिडकावा होऊन उघडीप पडली तर कोंब फुटून जळतो. आणि एकदम कोसळला तर बी कुजतं. मुंग्या आणि पाखरं आहेतच.

२०१९ साली धूळवाफ झकास साधली होती. जुलैच्या शेवटी आमचं बासमती भात असं दिसत होतं की आप्पा पाहुण्यांना चहाच्या आधी बांधावर न्यायचे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या जिल्ह्यात पूर आला. आमच्या शिवारात पाणी चढलं ते उतरेचना. उतरलं तेव्हा भाताचा रंग विटलेल्या दोरीसारखा झाला होता आणि वास विसरता येणार नाही असा. त्याच महिन्यात आई दवाखान्यात होती. त्या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. आई बरी झाली, पीक गेलं, कर्ज राहिलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी चार दिवस म्हणून माहेरी आले आणि टाळेबंदी लागली. नवरा कोल्हापुरात, मी इकडं, आणि मध्ये राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका. एरवी अडीच तासांची वाट, ती एकदम परदेशासारखी झाली. त्याचा पगार निम्म्यावर आलेला. रात्री फोनवर आम्ही हप्त्यांचं बोलायचो आणि दिवसा मी आप्पांची पेरणी बघायचे. गेल्या साली एवढं बुडालेला माणूस परत त्याच धुळीत पोत्यातलं चांगलं बी घालतोय, याचा मला चक्क राग यायचा.

"आप्पा, पाऊस तरी बघायचा हुता."

"पाऊस बघून कोणबी पेरतंय गे," ते म्हणाले आणि बैलांना हाक दिली.

श्रद्धा म्हणजे मिटलेले डोळे आणि शांत चेहरा, असं कॅलेंडरवाल्यांनी आपल्याला शिकवलंय. आमच्या घरात श्रद्धेचा आवाज बराच मोठा आहे. आमच्या भागात देवाला प्रार्थना करत नाहीत, गाऱ्हाणं घालतात. शब्दातच तक्रार आहे. आजी तर त्यात पटाईत. सौंदत्तीच्या यल्लम्माशी ती कानडीत बोलते, उगाच भाषेपायी अर्ज लांबायला नको. विठ्ठलाशी मराठीत. त्याचं तसं दोन्हींत भागतं, कानडी संत पुरंदरदासांनी त्याला कानडीतच आळवलंय. पण पावसापाण्याची खरी भानगड असली की गाऱ्हाणं वडगावच्या मंगाईदेवीला. आषाढात तिची जत्रा, त्याआधी वार पाळायचे, त्या दिवशी रानात पाय टाकायचा नाही. आजी हे सगळं काटेकोर पाळते आणि त्यामुळं बोलायचा हक्क आपल्याला आहे असं धरून चालते.

त्या साली देवळं बंद होती. मे संपला, पेरून आठवडा झाला आणि आभाळ निळं स्वच्छ. आजीनं अंगणात वडगावच्या दिशेला तोंड करून दिवा लावला आणि सुरू झाली.

"बघ बाई, गेल्या साली सगळं न्हेलीस, मी काय म्हणालो तुला? गप बसलो. पोराच्या अंगावर कर्ज हाय, पोरगी हितं, जावई तिकडं. औंदा मी गप बसणार न्हाई. मंगळवारपतोर बघतो. पडला तर वटी भरतो."

"आणि नाही पडला तर?" मी विचारलं.

"तू मधी बोलू नको."

आप्पांचं वेगळंच. त्यांचा भरवसा मोठा, असं मी इतके दिवस समजत होते. पण रोज पहाटे ते रानात जाऊन ठरावीक चार ठिकाणी बोटानं धूळ उकरायचे, एक दाणा काढायचे, फुंकर मारून नखानं दाबायचे आणि दाताखाली चावून बघायचे. टणक लागला की चेहरा सैल व्हायचा. दाणा अजून झोपलाय, म्हणजे जिवंत आहे. मग तिथली धूळ पायानं सारखी करायची आणि घरी येऊन चहा मागायचा. माळ्यावर बियाण्याचं एक पोतं त्यांनी तोंड शिवून ठेवलं होतं. दुबार पेरायची वेळ आली तर.

"देवावर भरवसा हाय न्हवं? मग ह्ये पोतं कशाला?" मी एकदा टोचलंच.

"त्येला बी जरा सवड द्याला पायजे की," आप्पा म्हणाले. यात थट्टा किती आणि खरं किती, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या रात्री हप्त्यांचं बोलून झाल्यावर मी फोनवर नवऱ्याला पोत्याचं सांगितलं, आणि बऱ्याच दिवसांनी तो हसला.

मंगळवार गेला. थेंब नाही. आजी त्या रात्री देव्हाऱ्यासमोर बसली, पण बोलली नाही. दिवा लावला आणि नेहमीपेक्षा लवकर झोपली.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ तिकडं अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. आमच्याकडं त्या दिवशी दुपारपासून काळोखून आलं आणि संध्याकाळी सरी सुरू झाल्या. बेताच्या, धुळीला दाबून बसवणाऱ्या. आप्पा पायरीवर भिजत बसले. आईनं दोनदा आत बोलावलं, नंतर तीही जाऊन त्यांच्याशेजारी बसली.

आजी आतून बाहेर आली, पाऊस बघितला, बोटं मोजली.

"आज बुधवार न्हवं?"

८ जूनला देवळं उघडली. दुसऱ्या दिवशी मंगळवारच होता. आजीनं कबूल केल्याप्रमाणं मंगाईची ओटी भरली. खण नवा, तांदूळ घरचा बासमती. नारळ मात्र तिनं चार हलवून बघितले आणि त्यातला सगळ्यात लहान निवडला.