वुन्सडॉर्फच्या जंगलात, २०६ थडग्यांपाशी

बर्लिनहून दक्षिणेकडे जाणारी लोकल गाडी तासाभराच्या आत वुन्सडॉर्फ-वाल्डश्टाटला पोहोचते. माझ्यासोबत उतरलेले बहुतेक जण बंकर बघायला निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचं मुख्यालय इथे जमिनीखाली होतं आणि त्यानंतर १९९४ पर्यंत इथे सोव्हिएत फौजांचा प्रचंड तळ होता. मला मात्र त्याच्या आधीच्या युद्धाकडे जायचं होतं. फोनमध्ये जेमतेम दीड मिनिटाचं एक ध्वनिमुद्रण होतं. ते आधी किती वेळा ऐकलं होतं याची मोजदाद नाही.

११ डिसेंबर १९१६. इथल्याच युद्धकैद्यांच्या छावणीत माल सिंग नावाचा फिरोजपूरकडचा शीख शिपाई यंत्राच्या कर्ण्यासमोर उभा राहिला आणि पंजाबीत बोलू लागला. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, दोन शेर दूध प्यायचा. त्याने इंग्रजांची चाकरी केली. तो युरोपच्या लढाईत आला आणि जर्मनीने त्याला पकडलं. त्याला हिंदुस्थानात जायचं आहे, तिथे गेला तर पुन्हा तसंच खायला मिळेल. तीन वर्षं झाली, तह कधी होणार याची खबर नाही. आणखी दोन वर्षं इथे राहिला तर तो मरेल. देवाने दया केली, तह झाला, तर आम्ही परत जाऊ.

अख्ख्या बोलण्यात तो 'मी' म्हणत नाही. आपल्याकडे आजी 'एक होता राजा' म्हणून सुरुवात करते, तशी तो स्वतःचीच गोष्ट सांगतो आणि अगदी शेवटी त्या 'तो'चा 'आम्ही' होतो. हे गाणं नाही हे मला कळतं. पण वाक्यं अशी तोलून येतात, प्रत्येक वाक्याचा शेवट असा खाली उतरतो, की मी त्याला गाणंच मानते.

छावणीचं नाव हाल्बमोंडलागर, म्हणजे चंद्रकोरीची छावणी. इंग्रज आणि फ्रेंच फौजांमधले मुस्लिम सैनिक, आणि त्यांच्याबरोबर हिंदू, शीख, गुरखेही, इथे वेगळे ठेवले होते. त्यांची मनं वळवावीत, जमल्यास त्यांना आपल्याच जुन्या मालकांविरुद्ध लढायला उभं करावं, हा जर्मनीचा हेतू. त्यासाठी १९१५ मध्ये लाकडाची मशीद बांधली. जर्मनीतली ही पहिली मशीद असं म्हणतात. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय भारतीय क्रांतिकारकांच्या ज्या बर्लिन समितीत होते, त्या समितीची माणसंही कैद्यांमध्ये प्रचार करायला येत. मशीद १९२०च्या दशकात पाडली, पण जिथे ती होती त्या रस्त्याचं नाव आजही 'मोशेश्ट्रासं', मशीद रस्ता. पाटीखाली दोन मिनिटं थांबले. बाकी रस्ता कुठल्याही रस्त्यासारखा.

इथे इतक्या भाषांची माणसं एकत्र सापडल्यावर जर्मन विद्वानही आले. १९१५ मध्ये प्रशियाच्या सरकारने 'फोनोग्राफिक कमिशन' नेमलं. भाषेचं ध्वनिमुद्रण विल्हेल्म डोगेन बघायचे, संगीताचं काम कार्ल श्टुम्फ यांच्या देखरेखीखाली गेओर्ग शूनेमान करायचे. १९१८ पर्यंत जर्मनीतल्या छावण्या फिरून त्यांनी अडीचशेच्या आसपास भाषा आणि बोलींचे आवाज घेतले. लाखेच्या तबकड्या सोळाशेहून अधिक, गाण्यांच्या मेणाच्या नळकांड्या हजारावर. मजकूर आधी लिहून घेतला जाई, गाव, वय, आईवडिलांची भाषा, शिक्षण यांचा तक्ता भरला जाई, मग कैद्याला कर्ण्याजवळ उभं करत. मेणाच्या नळकांड्यांवर गाण्याच्या आधी पट्टीची शिट्टी वाजवायचा रिवाज होता, म्हणजे नंतर ऐकताना वेग चुकला तर सूर जुळवून घेता येईल. आधी ती शिट्टी, आणि तिच्यामागून घरापासून हजारो मैल दूर पडलेल्या माणसाचा गळा. ती शिट्टी मला फार लागते. तिथून पुढचं सगळं, ऊर भरून आलेला असो वा नसो, नमुना म्हणून नोंदवलं जाणार असतं.

या विद्वानांचा मला राग येतो. त्यांना स्वर हवे होते, व्यंजनं हवी होती, सप्तकं मोजायची होती. कैद्याला नाही म्हणायची सोय कितीशी असणार! इंग्रज कैद्यांकडून तर त्यांच्या बोली तपासायला बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट वाचून घेतली. घर सोडून गेलेला मुलगा शेवटी घरी परततो आणि बाप धावत येऊन त्याला मिठी मारतो, ती गोष्ट. तारेच्या कुंपणाआड उभ्या माणसाला ती वाचायला लावताना कोणाचाच हात थरथरला नसेल का?

आणि तरीही हे आवाज ठेवल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

कारण बाकीच्यांचं काय उरलं? १९१४ च्या शरद ऋतूत हिंदुस्थानी फौजेच्या लाहोर आणि मीरत डिव्हिजन फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या आणि थेट खंदकांत गेल्या. फ्रान्समध्ये नव्ह-शापेल इथे भारतीयांचं स्मारक आहे. ज्यांचा देहही सापडला नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं तिथल्या भिंतीवर कोरलेली आहेत. त्यातल्या एकाचाही आवाज त्या भिंतीत नाही. शेजारच्या खंदकात उभा असलेला, जखमी होऊन किंवा वेढ्यात सापडून जो पकडला गेला, त्याचाच तेवढा आवाज उरला. मेलेल्यांची गाणी काय असतील हे आपल्याला कळतं ते या कैद्यांच्या गळ्यातून. तीच गावं, त्याच आया, तीच लग्नातली गाणी. गुरखा कैद्यांनी गायलेली गाणी या संग्रहात आहेत, डोंगराची आणि घराची ओढ असलेली. नेपाळी मला येत नाही. पण जात्यावरची ओवी ऐकत वाढलेल्या कानाला, ओळीच्या शेवटी आवाज कोणाला तरी हाक मारायला लांबतो तेव्हा, अर्थ विचारावा लागत नाही.

स्टेशनपासून कबरस्तान चांगलंच लांब आहे, पाऊण-एक तासाची चाल. ब्रांडेनबुर्गची जमीन वाळूची, पाय रुततात. दोन्ही बाजूंना पाइनची सरळसोट झाडं, वाटेत माणूस नाही. सोव्हिएत काळात हा सगळा पट्टा लष्करी सरावाच्या हद्दीत होता आणि थडग्यांकडे बघायला कोणी नव्हतं. डागडुजी होऊन २००५ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. त्सेरेन्सडॉर्फ इंडियन सिमेट्री, २०६ भारतीय सैनिक. यांतल्या फार जणांना गोळी लागलेली नाही. थंडीने आणि छातीच्या रोगांनी, क्षयाने नेलं. इतके मरू लागले की १९१७ मध्ये बऱ्याच कैद्यांना जरा उबदार हवेसाठी रुमानियाला हलवलं गेलं. 'आणखी दोन वर्षं राहिला तर मरेल' हे माल सिंगने उगाच म्हटलं नव्हतं. आजूबाजूच्या खाटा रिकाम्या होताना त्याने पाहिल्या असणार.

कापलेलं हिरवं गवत, पांढऱ्या शिळांच्या रांगा, भोवती जंगल. नाव, पलटण, तारीख.

ठरवून आले होते की इथे हेडफोन काढून ठेवायचे आणि ध्वनिमुद्रण उघड्यावर वाजवायचं. प्रत्यक्षात हात पुढे होईना. कोणाच्या डोक्याशी उभं राहून वाजवायचं? कोणता आवाज कोणत्या दगडाचा, हे मला कसं कळणार? शेवटी पहिल्या रांगेच्या कडेला गवतावर बसले आणि फोन मांडीवर ठेवला. खरखर सुरू झाली. मग तो आवाज, जरासा घाईतला, पाठ केलेलं विसरायच्या आत म्हणून टाकावं तसा. लोणी. दूध. इंग्रजांची चाकरी. या जागेपासून थोड्याच अंतरावर, याच थंडीत बोललेले ते शब्द. घरी ऐकताना मी नेहमी शेवटच्या 'आम्ही'ची वाट बघायचे. इथे पहिल्यांदाच तो ऐकवेना, पण बंदही करता येईना.

दुसऱ्यांदा वाजवलं नाही. उठले आणि शिळांवरची नावं मोठ्याने वाचू लागले. दगडांवर नाव आहे पण आवाज नाही, मग तो माझा तरी असू दे, एवढंच मनात. उच्चार चुकत होते. कुठे गुरखा रायफल्स, कुठे पंजाबी पलटण. एकेका नावापुढे थांबत होते, कारण नाव म्हटल्यावर लगेच पुढे जाणं जमत नव्हतं. एका नावाच्या दोन शिळा जवळजवळ होत्या. भाऊ, गाववाले की नुसता योगायोग? तिथे जास्त वेळ गेला.

चारच्या सुमाराला झाडांखाली अंधारू लागलं. परतीची वाट वाळूची, गाडी गाठायची होती. शेवटच्या दोन रांगा वाचायच्या राहिल्या.