आरामखुर्चीचा ओढता लेगरेस्ट : तिसऱ्या नमुन्यापर्यंतची नोंद

खुर्ची नेहमीचीच. चौकोनी पाइपाची चौकट, नवारीची बैठक, तीन खाचांत मागे जाणारी पाठ. बैठकीची खोली ४८० मिमी, रुंदी ५२०, पुढची कड जमिनीपासून ४०० मिमी वर. बैठक मागच्या बाजूला सुमारे १० अंश कललेली. लेगरेस्ट, म्हणजे पाय ठेवायची फळी आणि तिची चौकट, बैठकीखालून ४०० मिमी बाहेर यावा आणि काम झालं की पुरता आत जावा, एवढीच मागणी. यातलं ‘पुरता आत’ सोडून चालत नाही. खुर्चीतून उठताना माणूस आधी पावलं मागे घेतो. फळीचं १०० मिमी नाक जरी बाहेर राहिलं तरी ते पोटरीवर बसतं.

आधी वजन. गुडघ्याखालचा एक पाय, पावलासकट, शरीराच्या वजनाच्या साधारण ६ टक्के असतो. ८० किलोच्या माणसाचे दोन्ही पाय म्हणजे जेमतेम १० किलो. त्यातला काही भार गुडघ्याकडे बैठकच उचलते, पण हिशेबाला १० धरलेले बरे. एवढं वजन कुठलाही पाइप पेलतो. त्यामुळे ‘जाड पाइप घ्या’ हा सल्ला पहिल्या दिवसापासून मिळतो आणि पहिल्या दिवसापासून निरुपयोगी ठरतो. लेगरेस्ट बिघडतो तो झोलामुळे, म्हणजे जोडातल्या ढिलेपणामुळे, आणि खुर्ची पुढे उलटते म्हणून.

पहिला नमुना : ड्रॉवरचे चॅनेल

१८ इंची टेलिस्कोपिक चॅनेलची जोडी, बॉल बेअरिंगवाली, ४५ किलोची. हा आकडा ड्रॉवरमध्ये वजन सगळीकडे सारखं पसरलंय असं धरून दिलेला असतो. ४५ किलो साधारण २२५ मिमीवर, म्हणजे वजन गुणिले अंतर १०,००० किलो-मिमीच्या आसपास. पायांचे १० किलो फळीच्या मध्यावर, २७० मिमीवर, म्हणजे २,७००. पाय आरामात बसतात. पण कोणी टोकावर गुडघा टेकवून पाठीमागचा पडदा सरकवायला गेलं की ४० किलो ४०० मिमीवर येतात, म्हणजे १६,०००. चॅनेलची पत्री उमलते आणि गोळ्या बाहेर येतात. चॅनेल आडवा, म्हणजे चपटा बसवला तर तो याच्याही कितीतरी आधी वाकतो. तो उभाच हवा.

दुसरी अडचण गावाची, म्हणजे सोलापूरची. ज्या घरात किंवा शेजारी माग चालतो तिथे कापसाची लव उडत असते. ती ग्रीसला चिकटते आणि महिन्या-दोन महिन्यांत गोळ्यांच्या वाटेत नमदा, म्हणजे दाबलेल्या लवेचा थर, तयार होतो. ग्रीस पुसून चॅनेल कोरडा ठेवला तर करकरतो. चॅनेल इथेच सोडला.

दुसरा नमुना : पाइपात पाइप

बाहेरचा एक इंची चौकोनी पाइप, सोळा गेज. आतला पाऊण इंची, सोळा गेज. सोळा गेज म्हणजे १.६ मिमी जाडी. २५ मधून दोन्ही भिंतींचे ३.२ गेले की आत २१.८ उरतात. त्यात १९ चा पाइप घातला की २.८ मिमी मोकळे. कागदावर ही फट क्षुल्लक वाटते. पण पाइपाचे ४०० मिमी बाहेर आणि पोटात फक्त १०० राहिले, तर ती फट टोकाशी चौपट होते : २.८ ला १०० ने भागून ४०० ने गुणा, ११ मिमी. पाय ठेवला की फळी आधी ११ मिमी खाली पडते, मग वजन घेते. पोटात २२० मिमी ठेवले की हेच ५ मिमीवर येतं. लोखंडाचं स्वतःचं वाकणं या सगळ्यात अर्ध्या मिमीच्या घरात आहे.

पोटात २२० हवेत म्हणजे आतला पाइप ६२० मिमी लांब झाला, आणि बैठक तर ४८० खोल. ओढत्या खुर्चीत सोय अशी की पाठीखालची जागा रिकामीच असते. बाहेरचा पाइप ६०० मिमीचा घेऊन चौकटीच्या मागच्या आडवीवरून (आडव्या पाइपावरून) १२० मिमी पाठीखाली काढला. पाठ शेवटच्या खाचेत टाकून तिच्या खालच्या आडवीपासून किमान ३० मिमी अंतर राहतं ना, ते वेल्डिंगच्या आधी तपासायचं.

उंची ठरवते नवार. माणूस बसला की नवार मध्ये ५० मिमी खाली बसते. नवी कापसाची असेल तर पहिल्या काही आठवड्यांत आणखी. म्हणून फळीचा वरचा पृष्ठभाग बैठकीच्या चौकटीपेक्षा ७५ ते ८० मिमी खाली धरला. हे नुकसान नाही. गुडघ्यापासून साधारण ३५० मिमीवर ८० मिमीचा उतार म्हणजे १३ अंश, आणि गुडघा एवढा वाकलेलाच हवा. पाय सरळ ताठ राहिला आणि नुसती टाच टेकली तर गुडघा अधांतरी लोंबतो आणि दहा मिनिटांत अवघडतो. जुन्या लांब हाताच्या आरामखुर्चीत हीच गोम आहे : फिरून पुढे येणाऱ्या दोन पट्ट्यांवर पाय फाकवून ठेवायचे आणि पट्टीची कड पोटरीत रुतू द्यायची. दिसायला मात्र ती खुर्ची राजेशाही.

दुसऱ्या नमुन्यात आणखी एक गोष्ट कळली. वेल्डच्या पाइपाच्या आत शिवणीचा उंचवटा असतो. ती शिवण खालच्या भिंतीवर आली तर आतला पाइप तिच्यावर घसटतो आणि एका बाजूला झुकतो. कापायच्या आधी शिवण बघून दोन्ही पाइपांवर खडूची खूण करायची आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची.

तिसरा नमुना : सध्या चालू

झोल मारायला आत प्लास्टिक घालायचं ठरलं, तर पहिला हात नायलॉनकडे जातो. तो आवरा. नायलॉन हवेतली ओल पितो आणि फुगतो. २० मिमीच्या गुटक्यात दीड-दोन दशांश मिमी सहज. मे महिन्याच्या कोरड्या हवेत नेमका बसवलेला गुटका ऑगस्टमध्ये पाइपात अडकून बसतो. पॉलिथिलीन ओल जवळजवळ घेतच नाही. सोलापुरात ते शोधायला लांब जावं लागत नाही. मागावर धोट्याला (आडवं सूत नेणाऱ्या लाकडी होडीला) ठोकर देणारे प्लास्टिकचे पिकर याच जातीचे, भरपूर दाट. झिजून काढलेला एक पिकर चार बटणांना पुरून उरतो. हॅकसॉने कापायचा आणि कानशीने घासायचा. ग्राइंडर लावला तर वितळून पात्याला चिकटतो.

बटणं कुठे, हे भारावरून ठरतं. पाय ठेवल्यावर आतला पाइप पुढच्या तोंडाशी खाली दाबला जातो आणि मागच्या टोकाशी वर उचलला जातो. म्हणून बाहेरच्या पाइपाला पुढे खालून एक बटण आणि आतल्या पाइपाला मागच्या टोकाशी वरून एक पट्टी, एवढंच पुरे. सबंध लांबीला अस्तर लावणं म्हणजे घर्षण विकत घेणं. दोन टेकूंमध्ये १८० मिमी अंतर राहतं. १० किलोला पुढे २६ किलो दाब आणि मागे १६ किलो उचल येते. दोन पाइपांत विभागून प्रत्येकी १३ आणि ८.

पुढचं बटण कमी-जास्त करता येईल असं केलं, आणि तिसऱ्या नमुन्यातला हाच भाग खरा कामाचा. बाहेरच्या पाइपाच्या तोंडापासून २० मिमीवर, खालच्या भिंतीला १० मिमीचा नट वेल्ड केला. वेल्ड थंड झाल्यावर नटातूनच साडेआठचं ड्रिल भिंतीच्या आरपार घातलं, मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ केले. आधी भोक पाडून मग वेल्ड केलं तर थेंब आत पडतात आणि भोक सरकतं. त्यात ८ मिमी जाडीचं पिकरचं बटण, मागून १० चा आखूड बोल्ट आणि लॉकनट. बोल्ट घट्ट करत जायचा. आतला पाइप हाताने वर-खाली हलवल्यावर टक आवाज येणं थांबलं की पाव आटा मागे घ्यायचा. आता टोकाशी झोल १ मिमीच्या आत आहे. मागची पट्टी १.३ मिमीची, चपट्या डोक्याच्या रिव्हेटने बसवलेली. रिव्हेटचं डोकं पट्टीच्या आत बुडलं पाहिजे, नाहीतर पाइपात ओरखडा पडतो.

आतून रंग नको. एनॅमल उन्हाळ्यात चिकट होतो, आणि पावडर कोटिंगचा थर दोन्ही बाजूंनी मिळून दीड दशांश मिमी खातो. आतल्या पाइपावर मेणबत्ती घासायची. मेणाला लव चिकटत नाही.

एक दुखणं मिटलं आणि दुसरं उभं राहिलं. लोखंडावर लोखंड असताना लेगरेस्ट जिथे ठेवला तिथे राहायचा. बटणं लागल्यावर तो बसल्या बसल्या आत सरकू लागला. बैठकीला समांतर पाइप म्हणजे तेही १० अंश पुढे चढते. १० किलोचे १.७ किलो आत ढकलतात आणि पॉलिथिलीन तेवढ्याला कधी थांबतं, कधी नाही. म्हणून खिट्टी. दाराची ४ इंची कडी आडवी वेल्ड केली, दांडा ६ मिमीपर्यंत कानशीने उतरवला. भोकं २४०, २८०, ३२०, ३६० आणि ४०० मिमीला, एकाच बाजूच्या पाइपाला. भोकं पाइपाच्या उभ्या भिंतीतच पाडायची. वरच्या किंवा खालच्या भिंतीत पाडली तर जिथे ताण सगळ्यात जास्त तिथेच पाइप कमजोर होतो.

ओढायची पट्टी पुढच्या आडवीच्या बरोबर मध्यावर. दोन पाइपांत ४०० मिमी अंतर आणि टेकूंत १८०. एका कोपऱ्याला धरून ओढलं आणि घर्षणांक ०.४५ च्या वर असला की लेगरेस्ट तिरका होऊन अडकतो. लाकडी ड्रॉवर अडकतो तसाच. बटणं नवी असताना हे जाणवत नाही, धूळ बसली की जाणवतं.

वेल्डिंगच्या क्रमात घाई नको. दोन्ही बाहेरचे पाइप सपाट फरशीवर, आतले पाइप घालून, पुढे-मागे सारख्या मापाचे गुटके ठेवून फक्त टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारायचे. कर्ण मोजायचे, अर्ध्या मिमीपेक्षा फरक नको. मग आतले पाइप काढून घ्यायचे आणि पुरा वेल्ड आलटून-पालटून कोपऱ्यांत.

फळी ९ मिमी प्लायची, ४२० बाय २६०, वर २५ मिमी फोम, ३२ घनतेचा. ती फक्त पुढच्या आडवीला धरलेली आहे, कारण आत जाताना मागची बाजू बाहेरच्या पाइपावरून सरकते. मागच्या दोन कोपऱ्यांखाली पिकरचेच पाय लावले, बाहेरच्या पाइपापासून १ मिमी वर. लेगरेस्ट बाहेर असताना आतला पाइप ३ मिमी खाली असतो, म्हणून भाराने फळी ४ मिमी दबते आणि मग टेकते. चालतं. वरून रेक्झिन नको. एप्रिल-मे मध्ये चाळिशीपारच्या हवेत पोटरी चिकटते. सोलापुरी चादरीचा तुकडा दुहेरी करून खोळ शिवली, नाडीची, धुता येईल अशी.

पूर्ण बाहेर असताना फळी १४० ते ४०० मिमीमध्ये येते. मधली मोकळी जागा तशीच सोडायची. गुडघ्यामागची लवण दाबायची नसते. पाच फुटांच्या माणसाला दोन भोकं अलीकडे.

उलटण्याचं

रिकामी खुर्ची लेगरेस्टसकट १३ किलो, तिचा भारबिंदू पुढच्या पायांच्या २२० मिमी मागे. फळीचं टोक पुढच्या पायांपासून ४६० मिमी पुढे. १३ गुणिले २२० भागिले ४६० : ६.२ किलो. म्हणजे रिकाम्या खुर्चीच्या टोकावर लहान मूल नुसतं रेललं तरी ती पुढे येते. शिवाय ४० किलो एकाच कोपऱ्यावर आले तर एका पाऊण इंची पाइपावर ताण २८० न्यूटन प्रति चौ. मिमीपर्यंत जातो, साधा पाइप २१० ते २५० ला वाकून बसतो.

उपाय म्हणजे लेगरेस्टच्या पुढच्या आडवीखाली बिजागरीवर दोन घडीचे पाय, मागच्या बाजूला मिटणारे. ते जमिनीला टेकवायचे नाहीत. शहाबादी फरशी कुठेच सपाट नसते. टेकवले की खुर्ची डुगडुगते आणि पायांचा खडखडाट होतो. रबरी बूट चढवून ८ मिमी अंतर ठेवलं आहे. पाय ठेवले तर अधांतरी, कोणी बसलं तर टेकतात.

सामान एकूण : एक इंची पाइप २ मीटर, पाऊण इंची २.२ मीटर, मिळून सव्वाचार किलोच्या आसपास. १० चे नट-बोल्ट दोन जोड्या, लॉकनट दोन, कडी एक, बिजागऱ्या दोन, पिकर एक.

बाकी आहे ते घडीच्या पायांचं. लेगरेस्ट आत ढकलताना ते हाताने मिटावे लागतात आणि विसरलं की बैठकीच्या पुढच्या आडवीवर आदळतात. आडवीला तिरकी पट्टी लावून पाय आपोआप मागे वळतील असं बघायचं आहे. पट्टीचा कोन ४५ अंश ठेवला तर अडकतो, ३० ला बिजागरी वळते पण शेवटच्या २० मिमीत पुन्हा जोर लागतो.