वैनी, एसीचं बिल किती येतंय ओ?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले, नाहीतर रंकाळ्याला सकाळी फिरताना तोंडी सांगून सांगून घसा बसलाय. दर उन्हाळ्यात हाच प्रश्न. "वैनी, तुमच्यात एसी लावलाय म्हणं, बिल किती येतंय ओ?"

तर आधी आकडा. एप्रिल-मेमध्ये महिन्याला साडेचौदाशेच्या आसपास जादा. कोल्हापुरात फुलेवाडीत वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब, दहा बाय बाराची खोली, एक टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी, रात्री दहा ते सकाळी सहा, २६ वर आणि सोबत फॅन एकवर. यातलं एक जरी बदललं तरी माझा आकडा तुमच्या कामाचा नाही, म्हणून मी तो काढला कसा ते सांगते.

पहिल्या उन्हाळ्यात मीच घाबरलेले. मग रात्री दहाला जिन्याखालच्या मीटरचं रीडिंग, सकाळी सहाला परत रीडिंग, आणि वजाबाकी कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी. एसी लावला नाही त्या रात्री फ्रिज आणि दोन फॅन मिळून दीड युनिट. एसी लावला की आता ५.२. म्हणजे एसीचे ३.७, महिन्याचे १११. आमच्या मीटरचा तो लाल दिवा एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकतो, तसं त्याच्यावर बारीक अक्षरात छापलंयच. एसी नुकताच चालू केला तेव्हा मिनिटाला साठच्या वर मोजले, तासाभरानं चप्पल घालून परत खाली गेले तर तिसेक. खोली गार झाली की इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर बंद न पडता हळू फिरतो म्हणतात ते तिथं डोळ्यानं दिसलं. (शेजारच्या काकांना वाटलं मीटरमधे काहीतरी करायलीय.)

आता खरी गोम. लोक काय करतात, मागच्या बिलाला युनिटनं भागतात, दर काढतात आणि त्या दरानं एसीचे युनिट गुणतात. आमचे एसीशिवाय १३० युनिट, बिल साधारण १२२०, म्हणजे युनिटला नऊ-साडेनऊ, त्या हिशोबानं एसीचे हजार-साडेदहाशेच व्हायला पाहिजेत. पण महावितरणचे घरगुती स्लॅब शंभरपर्यंत, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्याच्या पुढं, असे आहेत, आणि स्वस्तातले पहिले शंभर तर फ्रिज-टीव्ही-मिक्सरनं आधीच खाल्लेत. एसीचा प्रत्येक युनिट वरच्या स्लॅबात जाऊन पडतो. माझ्या बिलात वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचा), १६ टक्के वीज शुल्क धरून, महिन्याचा ठरलेला स्थिर आकार सोडून, पहिल्या शंभराला युनिटमागं सात रुपयांच्या आसपास पडतात आणि पुढच्याला तेरा, म्हणून १११ गुणिले तेरा. दर बदलत राहतात, तुमच्या बिलाच्या मागं बघून घ्या.

आणि एक, "तीनशेच्या वर एक युनिट गेला की सगळंच बिल महाग दरानं लागतं" ही भीती निम्म्या कोल्हापूरला आहे. तसं नसतं हो, वरच्या दरानं फक्त वरचे युनिट लागतात. पण ज्यांचं आधीच अडीचशे युनिट आहे त्यांनी माझं बघून साडेचौदाशे धरू नका, तुमच्या एसीचे बरेचसे युनिट तिसऱ्या स्लॅबात जातील आणि तो आणखी महाग.

१८ वर ठेवला की खोली लवकर गार होते हेही खूळच. नुसता जास्त वेळ जोरात पळत राहतो, आणि पहाटे आपण गोधडी शोधतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले रूम एसी २४ वरच सेट होऊन येतात, आणि एक डिग्री वाढवली की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं स्टार देणारं बीईई खातंच सांगतं. माझ्या खोलीत मात्र सगळ्यात जास्त फरक डोक्यावरच्या स्लॅबनं पडला, बिलातल्या नव्हे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत बसतो, मग संध्याकाळी सहा ते दहा सगळ्या खिडक्या उघड्या टाकायच्या, आधी बाहेरचं वारं फुकटात घ्यायचं, मग एसी. गच्चीला पांढरा रंग मारला त्या वर्षी आकडा ४.४ वरून ३.७ वर आला. फिल्टर पंधरा दिवसाला नळाखाली धरायचा, एवढंच.

आता फाइव्ह स्टार घ्यावा का, हे विचारलंत तर खरं सांगू? माझं मत दुकानदाराला आवडणार नाही. लेबलवरचे वर्षाचे युनिट १६०० तासांवर काढलेले असतात. आपण काय नागपूरला राहत नाही. माझा एसी मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, तेही वळिवाच्या रात्री सोडून, पंच्याहत्तर रात्री धरा, म्हणजे ६०० तास. मी पाहिलेल्या थ्री आणि फाइव्ह स्टारच्या लेबलात दीडशे युनिटचा फरक होता, माझ्या वापराला तो साठेक पडतो, ऐन उन्हाळ्याचेच तास म्हणून थोडा जास्त धरला तरी वर्षाला हजाराच्या आतच. किमतीतला फरक आठ हजार होता! आम्ही फाइव्ह स्टार घेतला कारण सासऱ्यांना दुपारीही लागेल असं वाटलेलं. ते दुपारी खालच्या कट्ट्यावरच्या झाडाखाली झोपतात. दिवसभर एसी चालणाऱ्या दवाखान्याला किंवा दुकानाला फाइव्ह स्टारच घ्या, तिथं ते पैसे लवकर निघतात.

परवा चारला आभाळ भरून आलं, वळीव झाला, लाइट गेली आणि आली, रात्री कुणी रिमोट शोधलासुद्धा नाही. कॅलेंडरवर त्या चौकटीत माझं दीड, आणि त्याच्याखाली सासूबाईंच्या अक्षरात दुधाचा खाडा.