उडत्या सरड्याचे मॉडेल : हातांचा प्रश्न सुटला

पश्चिम घाटातील उडता सरडा, म्हणजे ड्रॅको डुसुमिएरी, शेपटीसह साधारण वीतभर भरतो. त्याचे दुप्पट, म्हणजे हातभर लांबीचे तरंगते मॉडेल मी सोलापुरात घरच्या गच्चीवर करतो आहे, आणि पाच महिन्यांनी त्याला प्रथमच नीट झेप घेता आली.

ड्रॅको प्रजातीत पंखांचा पडदा लांब झालेल्या पाच ते सात बरगड्यांवर ताणलेला असतो. मी प्रत्येक बाजूला सहा कामट्या घेतल्या, त्यांचे सांधे मागावरच्या उरलेल्या सुताने बांधले आणि पतंगाचा कागद खळीने चिकटवला. पाठीला किंचित कमान दिल्यामुळे पंखही वरून फुगीर झाला. तरीही गच्चीवरून सोडताच पंखाची पुढची कड फडफडू लागे आणि मॉडेल गोता खाऊन अंगणात नाकावर आपटे. कामट्या जाड केल्या, नाकाकडचे वजन कमी केले, पण फरक पडला नाही.

चूक हातांत होती. जुन्या चित्रांत दिसतात तसे पुढचे पाय मी समोर पसरून ठेवले होते. कर्नाटकातील आगुंबे येथील सुपारीच्या बागेत याच सरड्यावर झालेले आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण वाचल्यावर उलगडा झाला: झेप घेताच हा सरडा पुढचे पाय मागे वळवतो, नखांनी पडद्याची पुढची कड पकडतो आणि खोडावर टेकण्याच्या जरा आधीपर्यंत ती सोडत नाही. हे प्रथम वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ कात्री हातात धरून नुसता बसून होतो.

मग दोन्ही हात कोपरात मोडून मागे वळवले आणि तारेची बोटे पहिल्या कामटीवर घट्ट अडकवली. रविवारी पहाटे, वारा पडलेला असताना, सुमारे सहा मीटर उंचीवरून सोडलेले बावीस ग्रॅमचे मॉडेल चौदा मीटर पुढे जाऊन अलगद उतरले. कड जराही फडफडली नाही.

नराची पिवळी गळपिशवी अजून लावायची आहे. ते काम सोपे आहे. अवघड आहे ते उतरणे. मुंग्या टिपत खोड चढणारा हा प्राणी पुढच्या खोडावर डोके वर ठेवून टेकतो. त्यासाठी शेपटीचा कोन बदलून पाहणार आहे आणि नाक पुन्हा मोडू नये म्हणून समोरच्या दोरीवर जुनी सोलापुरी चादर टांगली आहे.