सेव्हर्नवर बार्बेल: आधी काठ बघा, मग पैसे मोजा

"गेटपासून पाच मिनिटं, खाली उतरायला पायऱ्या आहेत." फोनवर एवढं ऐकलं आणि माणशी २५ पौंड भरून टाकले. इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीवर, ब्रिजनॉर्थ गावाच्या खालच्या अंगाचा, बार्बेल मासा धरायचा हा खाजगी पट्टा. गेटपासून पाण्यापर्यंत पोचायला सामानासकट ३५ मिनिटं लागली. पायऱ्या कधीच्या पुरात गेलेल्या. दोन फळ्या तेवढ्या चिखलातून वर आलेल्या होत्या. संध्याकाळी फोन केला तर उत्तर आलं, तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून हे लिहितोय. बर्मिंगहॅमहून तासाभरावर नदी आहे, आपली बरीच मंडळी हल्ली गळ घेऊन जातात. त्यांची तरी फसगत होऊ नये.

त्या काठाबद्दल नीट सांगतो, कारण अर्धा दिवस आणि सगळी ताकद तिथेच गेली. दहा-बारा फुटांचा उभा मातीचा कडा. त्यावर माणूसभर उंच हिमालयन बाल्सम माजलेला. हा आपल्या तेरड्याचाच भाऊबंद: तशीच फुलं, शेंगेला बोट लागलं की तशीच फट्‌दिशी फुटते. पण त्याची मुळं वरवरची. थंडीत झाड मरतं, काठ उघडा पडतो आणि पुराच्या पाण्याने ढासळतो. सप्टेंबरअखेरीला तो अजून हिरवागार असतो, त्यामुळे जमीन कुठे संपते ते दिसतच नाही. माझा धाकटा चुलतभाऊ पुढे होता. त्याने पाय टाकला तो थेट हवेत. बाल्समचे दांडे धरायला गेला तर मुळासकट हातात आले. रॉडची पिशवी एका विलोच्या फांदीत अडकली म्हणून तो कमरेएवढ्या पाण्यावर थांबला. पुढे तळ दिसत नव्हता.

तेव्हा मधल्या सेव्हर्नवर जाणार असाल तर पंधरा मीटर दोरी घ्याच. वर झाडाला बांधायची आणि तिला धरून उतरायचं. सामान आधी दोरीने खाली सोडा, मग स्वतः उतरा. खिळ्यांचे बूट घाला. पट्ट्यासारखं अंगावर बसणारं, पाण्यात पडलं की आपोआप फुगणारं लाइफजॅकेट मिळतं, ते घ्या. हाताला खरचटलं असेल तर पट्टी लावूनच पाण्यात हात घाला. उंदीर इथल्या नद्यांवरही आहेत आणि लेप्टो इथेही होतो. इथे त्याला वाइल्स डिसीज म्हणतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. ब्रिजनॉर्थला ऊन असलं म्हणून निर्धास्त राहू नका. सेव्हर्न उगम पावते वेल्सच्या डोंगरात, तिथला पाऊस एक-दोन दिवसांनी खाली येतो. पातळीचे आकडे सरकारी संकेतस्थळावर दर पंधरा मिनिटांचे मिळतात. वरच्या बाजूचं बिल्डवासचं पातळी मोजायचं ठाणं बघा. तिथे चढलेलं पाणी काही तासांत तुमच्या पायाशी येतं. मी सकाळी पाहिलं नव्हतं. दुपारी दोनला भावाने हाक मारली, "दादा, काठी बुडाली." खूण म्हणून रोवलेली काठी खरंच दिसत नव्हती. संध्याकाळपर्यंत पाणी हातभर चढलं.

आणि तेच पाणी आम्हाला पावलं. गढूळ, चढतं आणि थंड न झालेलं पाणी बार्बेलला मानवतं. मध्यधारेत ८५ ग्रॅमचा फिडर, म्हणजे चारा भरायची वजनदार जाळीची डबी, तीसुद्धा टिकेना, पाचोळा तंगुसावर साचून सगळं ओढून नेत होता. मग रॉडचं टोक उंच ठेवलं, म्हणजे कमी तंगूस पाण्यात राहतो, आणि आमिष काठापासून फक्त दोन रॉडच्या लांबीवर टाकलं, जिथे वेगवान धार आणि संथ पाणी यांची शिवण दिसते. पुराच्या पाण्यात मासे तिथेच आश्रयाला येतात. दूर फेकू नका. गळाला डबाबंद लंचन मीटचा सुपारीएवढा तुकडा. गढूळ पाण्यात वास लागतो. बारा पौंडी तंगूस, बिनकाट्याचा गळ. रॉड सोडून उठू नका, बार्बेल रॉडच ओढून नेतो.

पावणेपाचला रॉड वाकला तो वाकलाच. दहा-बारा मिनिटं मासा तळ सोडेना. हातजाळीत आला तेव्हा तांब्याच्या भांड्यासारखी झळाळी, खाली वळलेलं तोंड आणि चार मिशा. नऊ पौंड. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला, पण ही ताकद मी रोहूत पाहिलेली नाही. सेव्हर्नमध्ये हा मासा मुळात नव्हता, १९५६ साली केनेट नदीतून आणून सोडला. त्याच्या पाठीच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा असतो आणि साध्या जाळीत अडकतो. ओढू नका, पर फाटतो. रबरी जाळी घ्या. बार्बेल शेवटचं बळ संपेपर्यंत झुंजतो, म्हणून लगेच सोडला तर उलटा होऊन मरू शकतो. तोंड प्रवाहाकडे करून जाळीतच धरून ठेवा, तो स्वतः जोर करील तेव्हाच सोडा. मी आठ मिनिटं धरला. हात बधिर झाले होते, पण त्याने शेपटीचा फटका दिला तेव्हा सगळी पायपीट वसूल झाली.

परवान्याचं थोडक्यात: तेराव्या वर्षापासून प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं, आणि ते असलं तरी त्या पट्ट्याचं तिकीट वेगळं. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कोर्स मासेमारी, म्हणजे सामन आणि ट्राउट सोडून बाकी गोड्या पाण्यातले मासे धरणं, पूर्ण बंद. मासा घरी न्यायचा विचार असेल तर या छंदाच्या वाटेला जाऊच नका. इथे सोडून देण्याचीच रीत आहे, आणि ती चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी ब्यूडलीजवळ सपाट काठावर बसलो. गाडी शेजारी, चब आणि रोच हे मासे भरपूर. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर तिथेच जा.

पहिला पट्टा मात्र पायऱ्या दुरुस्त होईपर्यंत फुकट दिला तरी घेऊ नका. कुठल्याही नव्या पट्ट्याचं तिकीट काढण्याआधी काठाचा आजचा फोटो मागा. द्यायला कां-कूं केलं तर फोन ठेवून द्या.