बाबांच्या पाठीवरचा पॅच

रात्री आठला बाबांच्या पाठीवरचा कालचा औषधाचा पॅच, म्हणजे कातडीला चिकटवायची पट्टी, काढते, जागा पुसून कोरडी करते आणि नवा दुसऱ्या बाजूला लावते. अर्धा मिनिट तळहातानं दाबून धरावा लागतो. त्याच जागी पुन्हा लावायचा तर मध्ये चौदा दिवस जायला हवेत, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज खूण करते: उजवा खांदा, डावा खांदा, कंबरेच्या वर. जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. दोन पॅच एकदम राहिले तर नाडी मंदावते, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. नागपूर–उमरेड–भिवापूर. भरल्या गाडीत कोणाचे किती सुटे द्यायचे राहिलेत ते कागदावर न लिहिता त्यांच्या लक्षात असायचं. चार वर्षांपूर्वी नागपुरातल्या महाल भागातल्या बुधवार बाजारात भाजीवालीला पाचशेची नोट देऊन ते तसेच उभे राहिले. परत किती घ्यायचे, हे त्यांना सुचेना. मला तेव्हाच कळलं. अल्झायमर हे नाव नंतर डॉक्टरांनी दिलं.

माझं महालातच औषधाचं दुकान आहे. आठवड्यातून एकदा तरी कोणी येतं आणि म्हणतं, ‘‘ताई, आईला विसरायला होऊन राहिलं. एखादं झाडपाल्याचं द्या ना, गोळी नको.’’ त्यांना मी या पॅचची गोष्ट सांगते, कारण हा पॅचही एका झाडाकडूनच आलाय.

डी.फार्म.ला, म्हणजे औषधनिर्माणाच्या पदविकेला असताना, फार्माकॉग्नसी या औषधी वनस्पतींच्या विषयाच्या वहीत मी कॅलाबार बीनचं चित्र काढलं होतं. चॉकलेटी, जाड सालीचं बी. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात हे बी आरोपीला खाऊ घालत. ओकून टाकलं तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. 1855 मध्ये एडिनबर्गचे डॉक्टर रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी ते स्वतः खाऊन पाहिलं आणि जेमतेम वाचले. 1864 मध्ये त्यातलं विष वेगळं काढलं गेलं, तेच फायसोस्टिग्मीन. मेंदूतल्या पेशी अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून एकमेकींना निरोप देतात आणि एक एन्झाइम ते लगेच मोडून टाकतं. फायसोस्टिग्मीन त्या एन्झाइमला अडवतं. अल्झायमरमध्ये अॅसिटिलकोलीन आधीच कमी झालेलं असतं, त्यामुळे उरलंसुरलं जरा जास्त वेळ टिकवणं कामाचं ठरतं.

पण मूळ विष वापरणं कठीण. थोड्या वेळात उतरतं, मळमळ फार. जेरुसलेमच्या औषधशास्त्रज्ञ मार्टा वाइनस्टॉक यांनी त्याच्याच साच्यावर नवा रेणू बनवला, रिव्हास्टिग्मीन. 2000 मध्ये अमेरिकेत त्याच्या कॅप्सूलला मान्यता मिळाली, 2007 मध्ये पॅचला. बाबांना गोळ्यांनी ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून डॉक्टरांनी पॅच दिला. दहा रुपयांच्या नाण्याएवढा. चोवीस तासांत त्यातून 4.6 मिलिग्रॅम औषध अंगात जातं.

दुसरं असंच औषध म्हणजे गॅलँटामीन. स्नोड्रॉप नावाच्या, बर्फातून डोकं वर काढणाऱ्या छोट्या पांढऱ्या फुलझाडाच्या कंदातून बल्गेरियात 1950 च्या दशकात त्याचं औषध झालं. आधी पोलिओसाठी वापरलं गेलं. अल्झायमरसाठी अमेरिकेची मान्यता मिळाली 2001 मध्ये. यातलं कोणतंही औषध आजार थांबवत नाही, हेही मी गिऱ्हाइकाला तिथंच सांगते. बाबांच्या बाबतीत एवढंच झालं की वर्षभर त्यांची दाढी त्यांना स्वतः करता आली. आमच्यासाठी ते फार मोठं होतं.

आमची आत्या समुद्रपूरकडची. दरवर्षी वायगावची हळद घेऊन येते, 2016 ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन, मिळालेली. तिचं म्हणणं, ‘‘दुधात देत जा ना बापा भाऊला. घरची हळद हाय, तिनं काय नुकसान होते?’’ दूध-हळदीनं नुकसान नाहीच. पण हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. मिऱ्यातल्या पायपरीननं ते वीस पट वाढतं, असं बंगळूरच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं. तरीही अल्झायमरच्या रुग्णांवर जे प्रयोग झाले, त्यांत स्मृती सुधारल्याचं ठामपणे दिसलं नाही.

इथंच आमच्या घरात चूक झाली. भावानं पुण्याहून कॅप्सूल पाठवल्या: कर्क्युमिन, मिऱ्याचा अर्क आणि गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क. हजार-दोन हजार रुपयांचा प्रश्न नव्हता, बाबांसाठी काहीतरी करायचं होतं त्याला. मी लेबल वाचलं आणि तरी दिल्या. बाबांना स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तीन आठवड्यांत हातावर काळेनिळे डाग आले, ब्रश करताना रक्त येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, कॅप्सूलमुळेच असं छातीठोक सांगता येत नाही, पण गिंकोनं रक्तस्राव वाढू शकतो आणि पायपरीन इतर औषधांचं शरीरातलं प्रमाणही वाढवू शकतं. मग त्यांनी विचारलं, ‘‘मला सांगितलं का नाही?’’ मला उत्तर देता आलं नाही. कॅप्सूल बंद केल्यावर डाग गेले. आणि ज्या गिंकोसाठी हे झालं, त्याचा तीन हजारांवर ज्येष्ठांवर सुमारे सहा वर्षं प्रयोग झालाय. 2008 मध्ये निष्कर्ष आला: स्मृतिभ्रंश टळत नाही.

ब्राह्मीचंही ऐका. नागपूरच्या इतवारी बाजारात ब्राह्मी मागितली की कधी एक वनस्पती मिळते, कधी दुसरी. एक गोल पानांची, मंडूकपर्णी. दुसरी जाड, इवल्या पानांची, पाण्याकाठची जलब्राह्मी. दोन्हींमधली द्रव्यं वेगळी. निरोगी माणसांवरच्या छोट्या प्रयोगांत जलब्राह्मीनं स्मरणात थोडा फरक दिसलाय, त्यामुळे मी तिला नाकारत नाही. पण दुकानात कोणी मागितली तर आधी चालू औषधांची चिठ्ठी बघायला मागते आणि ब्राह्मीचं नाव त्याच चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना दाखवायला सांगते.

वायगावची हळद आम्ही वरणात घालतो. आत्याला तेच सांगितलं. तिलाही पटलं.

पॅच लावण्याआधी मी त्यावर बॉलपेननं तारीख लिहिते. काल बाबांनी तो माझ्या हातातून घेतला, तारीख बघितली आणि विचारलं, ‘‘कुठपर्यंत?’’

‘‘उमरेड,’’ मी म्हटलं.

‘‘पाचगाव, चांपा, मग उमरेड,’’ ते म्हणाले आणि सदरा वर करून पाठ वळवली.